सर, यू हाय, प्लीज लो

माइकवाल्याकडे लोक मान वळवून बघतात ते फक्त शिट्टी वाजल्यावर. आवाज चांगला लागला तर श्रेय गाणाऱ्याचं, बोलणाऱ्याचं, फार तर हॉलचं. कुंईऽऽ करून वाजलं की दोनशे माना एकदम माझ्याकडे. भांडुप, कांजूरमार्ग, घाटकोपर या पट्ट्यात मी अडतीस वर्षं हे काम केलं आणि त्या अडतीस वर्षांत माझ्याकडे हसऱ्या चेहऱ्याने बघणारा श्रोता मला आठवत नाही.

काम सांगायला सोपं आहे. माणूस माइकमध्ये बोलतो, ते वायरीतून माझ्या मिक्सरवर येतं, मी ते कमीजास्त करतो आणि ते स्पीकरच्या खोक्यांतून लोकांपर्यंत जातं. खोक्यातून निघालेला आवाज पुन्हा माइकमध्ये शिरला, पुन्हा खोक्यातून आला, पुन्हा शिरला, की शिट्टी. स्वतःचंच बोलणं स्वतःच्याच कानात घालत बसलं की माणसाचं जे होतं तेच मशीनचं होतं. उपनगरातल्या सगळ्या मंडळांचे अध्यक्ष मी जवळून पाहिलेत, त्यामुळे हे मला फार लवकर कळलं.

दुसरी गोष्ट एकोची. मुंबईत कुठल्याही कार्यक्रमाचा आयोजक आल्या आल्या पहिलं वाक्य बोलतो ते म्हणजे, ‘थोडा एको दे.’ नाही म्हणून चालत नाही. मुलुंडला एका शोकसभेला मी गेलो तेव्हा आदल्या दिवशीच्या ऑर्केस्ट्राचा एको मशीनवर तसाच राहून गेला होता. पहिले वक्ते उठले, डोळे पुसले आणि म्हणाले, ‘अण्णा गेले.’ खोक्यातून आलं, ‘गेले, गेले, गेले.’ मी घाईघाईने बटण शोधेपर्यंत ते पुढे म्हणाले, ‘परत येणार नाहीत,’ आणि अण्णा बराच वेळ ‘नाहीत, नाहीत’ करत राहिले. मी माफी मागायला गेलो तर अण्णांचे चिरंजीव माझा हात धरून म्हणाले, ‘असू दे, छान वाटलं.’ तेव्हापासून मी एकोशी भांडणं सोडून दिलं.

तिसरी गोष्ट माझ्या इंग्रजीची. माझं शिक्षण मराठी शाळेत नववीपर्यंत. इंग्रजी मला येतं ते मशीनवर छापलेलं: इन, आउट, हाय, मिड, लो, गेन, म्यूट. एवढ्यावर माझं आयुष्य निघालं. एकदाच कमी पडलं, आणि तीच गोष्ट सांगायची आहे.

असल्फ्याच्या डोंगरावर रहमतचाचा राहतात. मूळचे राजापूरकडचे, म्हणजे आमच्या कोकणातले. मी मालवणचा. त्यांची आणि माझी ओळख मी धंद्यात नवा असतानाची. विक्रोळीच्या एका कंपनीत पॅकिंग खात्यात ते नोकरी करत आणि सुट्टीच्या दिवशी कव्वाली गात. कव्वालीला माइक कसा लावायचा हे त्यांनी मला शिकवलं. टाळ्यांना वेगळा माइक लागतो, पण तो तोंडाजवळच्यापेक्षा खाली आणि तिरका. नाहीतर टाळ्या थपडांसारख्या ऐकू येतात. हे कुठल्या पुस्तकात नाही. चाचांनी माझ्या कानाजवळ टाळ्या वाजवून दाखवल्या होत्या, तिरक्या आणि सरळ, मला फरक कळेपर्यंत. कळायला मला पाऊण तास लागला आणि नंतर दोन दिवस कानात गुणगुण.

दोन वर्षांपूर्वी चाचांच्या गळ्यात गाठ निघाली. ऑपरेशन झालं, गाठ साधी होती, पण डॉक्टरांनी गाणं बंद केलं. वर्षभर चाचा घरात बसून राहिले. पुढच्या तपासणीला डॉक्टर थोडे विरघळले आणि म्हणाले, उर्साला हौस म्हणून गा, पण वीस मिनिटं, तेही खालच्या पट्टीत. गळा पुन्हा फाटला तर गाणं सोडा, बोलणंही जाईल.

कार्यक्रमाच्या आदल्या आठवड्यात भाभी, म्हणजे चाचांची बायको, आमच्या घरी आली. माझ्या बायकोने चहा टाकला तर म्हणाली, नको, आधी बोलायचंय. मग माझ्याकडे वळली.

‘सदा, तू मशीनवर असशील ना? वीस मिनिटं झाली की त्यांचा माइक बंद कर. शिव्या देतील. खा.’

‘भाभी, भर मैफलीत माइक कसा बंद करू?’

‘कसा म्हणजे? बोटाने. मी पडद्याच्या पलीकडे बसलेली असेन. दोन बोटं दाखवली की वीस झाली असं समज.’

मी शब्द दिला. त्या बाईने मला अनेक वर्षं ईदला सांदणं खिलवली आहेत, शब्द न देऊन सांगतो कोणाला.

उर्स एका लहानशा दर्ग्याचा. मागच्या पटांगणात मांडव, दुपारच्या नमाजानंतर मैफल, संध्याकाळच्या अगोदर संपवायची. सगळी व्यवस्था गफूरभाईंकडे. त्यांनी मला पाहताच एको मागितला, मी दिला. मग म्हणाले, एक पाहुणा येणार आहे, परदेशातून, त्याला काय हवं नको ते बघ.

पाहुण्याचं नाव येन्स. डेन्मार्कचा. गफूरभाई त्याला जेम्स म्हणत आणि वस्तीतली पोरं जीन्स म्हणत, तो दोन्हीला ओ देई. साडेसहा फुटांचा माणूस, वयाने पन्नाशीचा, देशोदेशीची भक्तीची गाणी रेकॉर्ड करत हिंडणारा. त्याच्याकडची मशीन बघून मला पहिल्यांदा माझ्या मशीनची लाज वाटली. त्याचं म्हणणं असं होतं की गाणं रेकॉर्ड होताना त्याला मध्ये मध्ये हळू आवाजात टिपणं बोलायची आहेत. म्हणून त्याच्या कॉलरला छोटा माइक लावून त्याची वायर मी माझ्या मिक्सरवर घेतली. तो आवाज बाहेर जाणार नाही, फक्त माझ्या हेडफोनमध्ये आणि त्याच्या रेकॉर्डिंगमध्ये. त्यालाही एक हेडफोन दिला, म्हणजे गाणं स्वच्छ ऐकू येईल. हे सगळं आम्ही ‘इन’, ‘आउट’ आणि ‘ओके’ या तीन शब्दांत ठरवलं. धंद्याची भाषा एक असली की देश आडवा येत नाही.

गफूरभाईंनी त्याला अदब म्हणून एकच नियम समजावला, अर्धा हिंदीत आणि अर्धा हाताने: सगळे उठले की तू उठ, सगळे बसले की तू बस. येन्सने तो वहीत लिहून घेतला आणि खाली रेघ मारली. पुढे जे झालं ते या रेघेमुळे.

इथे हाल म्हणजे काय ते सांगायला हवं. कव्वाली ऐकताना एखाद्या श्रोत्याला एखादी ओळ लागते आणि तो भान हरपून उभा राहतो, झुलतो, हात वर करतो. त्याला हाल आला असं म्हणतात. तो उभा राहिला की त्याच्या मानासाठी सगळी मैफल उभी राहते. आणि कव्वालाने तीच ओळ परत परत गात राहायचं, तो आपण होऊन शांत होऊन खाली बसेपर्यंत. ओळ बदलायची नाही, थांबायचं नाही, त्याला कोणी हात लावायचा नाही. मध्येच थांबलं तर त्या माणसाच्या जिवाला धोका, असं जुनी माणसं सांगतात. कव्वालाच्या दृष्टीने आपल्या गाण्याने कोणाला हाल येणं याच्यावर दुसरा मान नाही. चाचांच्या आयुष्यात हे तीनदा झालं होतं आणि तिन्ही वेळा ऐकणाऱ्यांनी काय कपडे घातले होते हे त्यांना पाठ होतं.

पहिला तासभर चाचांच्या मुलाने, रफीकने गाणी म्हटली. मग चाचांना दोघांनी धरून मध्ये बसवलं. त्यांनी हार्मोनियमवर हात ठेवला, माझ्याकडे पाहिलं, मान हलवली. मी घड्याळ लावलं.

गाणं त्यांचं स्वतःचं, ऑपरेशननंतरच्या गप्प वर्षात बांधलेलं. त्यातली मुख्य ओळ होती, ‘उठाया है तूने, बिठाएगा तू ही.’ आवाज खालचा, जरा खरखरीत, पण सुरात. भाभीने पडदा किंचित सारून बघितलं आणि पुन्हा लावून घेतला. मला वाटलं, आजचं काम सुखाने पार पडणार.

बारावं मिनिट चालू असताना माझ्या हेडफोनमध्ये येन्सचा आवाज आला. टिपण नव्हतं. ‘ओ गॉड. माय लेग.’

साडेसहा फूट माणूस दीड तास मांडी घालून बसला होता. आधी मुंग्या आल्या असणार, मग पोटरीत गोळा. कोणाला त्रास नको म्हणून त्याने आवाज न करता पाय मोकळा करायचा प्रयत्न केला. तसा तो हळूहळू उभा राहिला, डोळे गच्च मिटलेले, चेहरा वर, तोल सांभाळायला दोन्ही हात पसरलेले, आणि एका पायावर झुलू लागला. नेमकं त्याच वेळी चाचा गात होते, ‘उठाया है तूने.’

पुढच्या रांगेतून कोणीतरी मोठ्याने ‘हक!’ म्हटलं, म्हणजे हेच सत्य. गफूरभाई उठले. मग शंभर-सव्वाशे माणसं उठली. तबलेवाल्याने ठेका घट्ट केला आणि चाचांनी ती ओळ पकडली.

येन्सचा गोळा दोन-तीन मिनिटांत उतरला. तो खाली बसायला लागला, अर्धा वाकला, डोळे उघडले आणि बघतो तर सगळे उभे. वहीतला नियम आठवला. तो पुन्हा ताठ उभा राहिला. लोकांना वाटलं, दुसरी लाट आली. टाळ्या वाढल्या.

म्हणजे आता अशी परिस्थिती झाली की तो उभा म्हणून सगळे उभे, सगळे उभे म्हणून तो उभा, आणि तो उभा आहे तोवर चाचांना थांबता येत नाही. शिट्टी कशी होते ते मी वर सांगितलंच आहे. ही तीच होती, फक्त माणसांची.

आणि खरी गोष्ट पूर्ण पटांगणात एकट्या मला माहीत. येन्सचे ओठ हलत होते. माझ्या शेजारचा म्हातारा भरल्या डोळ्यांनी म्हणाला, जिक्र करतोय बघ, खुदाचं नाव घेतोय. माझ्या कानात येत होतं, ‘लेग, लेग, ओ माय लेग.’ दुसऱ्या पायातही गोळा आला होता.

विसावं मिनिट झालं. पडद्याच्या फटीतून भाभीची दोन बोटं आली. मी मिक्सरवरची चाचांच्या आवाजाची सरकपट्टी धरली. मग भाभीने येन्सला पाहिलं, तिची बोटं हवेत तशीच राहिली आणि हळूहळू मिटली. तिनेही तो हालच मानला होता. आता माइक बंद कर म्हणायला तिची जीभ उचलेना आणि नवऱ्याच्या गळ्याकडे बघवेना. तो चेहरा मी विसरलेलो नाही.

चाचा मात्र वेगळेच दिसत होते. वर्षभर घरात विझून बसलेला माणूस, त्याच्या गाण्याने एक परदेशी हालात आलाय, सगळी मैफल उभी आहे. ओळ पट्टी चढत होती. दहा वर्षांपूर्वीचा आवाज बाहेर येत होता. पण हेडफोनमध्ये मला त्या आवाजाच्या तळाशी स्पीकरचा कागद फाटायला लागल्यावर येते तशी फरफर ऐकू येऊ लागली. ती मलाच ऐकू येत होती. खरं सांगितलं तर गळा वाचेल आणि माणूस मोडेल. गप्प राहिलो तर उलटं.

आमच्या धंद्यात एक युक्ती आहे. गाणाऱ्याच्या पुढ्यात त्याचा स्वतःचा आवाज ऐकवणारं एक खोकं असतं. त्यात त्याला त्याचाच आवाज मोठा ऐकवला की तो आपोआप हळू गातो. मी चाचांचं खोकं वाढवलं, बाहेर रफीकचा आवाज पुढे आणला. पाच मिनिटं फरक पडला. मग चाचांनी हार्मोनियम वाजवता वाजवता पायाने ते खोकं बाजूला ढकललं.

तेव्हा मी मिक्सर सोडून येन्सकडे गेलो. त्याने एक कान मोकळा केला. ‘बस खाली’ला इंग्रजीत काय म्हणतात ते मला माहीत होतं, पण तोंडाशी आलं ते मशीनवरचं. मी म्हटलं, ‘सर, यू हाय. प्लीज लो.’

त्याला लगेच कळलं. त्याने मान डोलावली आणि रेकॉर्डरचं बटण फिरवून आवाज लो केला.

‘नो सर. यू. यू लो.’ मी हाताने खाली दाखवलं.

त्याने लोकांकडे बोट केलं आणि कळवळून म्हणाला, ‘बट एव्हरीबडी इज स्टँडिंग.’

एवढ्यात गफूरभाईंनी माझा दंड पकडला. हाल आलेल्या माणसाला हात लावतोस, एवढी वर्षं इथे येतोस, तुला अक्कल नाही का, असं त्यांनी डोळ्यांनी विचारलं आणि मला मिक्सरपर्यंत पोहोचवून आले.

पस्तीस मिनिटं झाली. चाचांच्या मानेच्या शिरा लांबून दिसत होत्या. आणि मला टॉकबॅक आठवलं. टॉकबॅक म्हणजे माइकवाल्याने एकाच कलाकाराच्या कानात बोलायचं बटण. येन्सच्या कानावर माझाच हेडफोन होता. मी बटण दाबलं आणि पोटातून ओरडलो, ‘सिट!’

घाईत बटण शेजारचं दाबलं गेलं. चारही खोक्यांतून, गफूरभाईंच्या एकोसकट, पटांगणभर घुमलं, ‘सिट, सिट, सिट, सिट.’ चाचा त्या क्षणी म्हणत होते, ‘बिठाएगा तू ही.’

येन्स दोरी तुटल्यासारखा खाली बसला. मग सव्वाशे माणसं ‘सुभानअल्लाह’ म्हणत बसली. चाचांनी सम गाठली आणि हार्मोनियम मिटली. लोकांना येन्सच्या कॉलरचा माइक दिसत होता, त्यामुळे सगळे धरून चालले की तोच बोलला. हालातसुद्धा स्वतःच स्वतःला आवरलं, असा माणूस पाहिला नाही, असं गफूरभाई आजही सांगतात. माझ्याकडे कोणी मान वळवून पाहिलं नाही. अडतीस वर्षांत केलेली सर्वांत मोठी चूक कोणाच्या लक्षातच आली नाही.

मी वायरी गुंडाळत होतो तेव्हा चाचांनी मला जवळ बोलावलं. आवाज पूर्ण बसला होता, नुसता वारा येत होता. ‘सदा, खरा होता ना रे?’

मी म्हटलं, ‘खरा, चाचा. मी कानाने ऐकलं.’

डॉक्टर खूप ओरडले. महिनाभर चाचा पाटीवर लिहून बोलत होते. आता कुजबुजतात, तेवढंच. गाणं गेलं ते गेलं. भाभी मला एका शब्दाने बोलली नाही. उलट शेजारणींना सांगत होती, हालासमोर माणसाचं काय चालतं. मला मात्र झोप लागेना. बटण आधी दाबायला हवं होतं, अगदी पंधराव्या मिनिटाला, असं वाटे. बोलून टाकायला हवं होतं, असंही वाटे.

चार महिन्यांनी येन्सने रेकॉर्डिंग पाठवलं, सोबत पत्र. माझ्या मुलीने वाचून दाखवलं. त्याने लिहिलं होतं की, मी तीस देश फिरलो, पण माझ्या पायात गोळा आला म्हणून सगळी सभा माझ्याबरोबर उभी राहिली आणि तो उतरेपर्यंत एका म्हाताऱ्याने माझ्यासाठी गाणं थांबवलं नाही, असं मला कुठेच भेटलं नाही. आमच्याकडे फार तर पाणी देतात. मुलगी वाचताना हसत होती. मला काही हसू आलं नाही.

रेकॉर्डिंग चाचांना ऐकवायचंच होतं, पण त्यात ते ‘माय लेग’ स्वच्छ ऐकू येत होतं आणि रफीकची मुलगी इंग्रजी शाळेत जाते. मी दोन दिवस बसून येन्सचा सगळा आवाज कापून काढला. दुसऱ्याचं रेकॉर्डिंग मी आयुष्यात कधी कापलं नव्हतं. माझं ‘सिट’ तेवढं ठेवलं, कारण ते कापलं असतं तर गाणंही कापलं गेलं असतं.

भाभी बाजारात गेलेली असताना मी चाचांच्या कानावर हेडफोन चढवला. डोळे मिटून त्यांनी पस्तीसच्या पस्तीस मिनिटं ऐकलं. मग हेडफोन काढला आणि मला जवळ ये म्हणून खूण केली.

‘त्याचा माइक कुठे गेला? पायाला गोळा आला होता ना त्याच्या? ते कापलंस होय?’

मी हेडफोनची वायर गुंडाळायला लागलो.

‘अरे, पन्नास वर्षं लोकांच्या मांड्यांसमोर बसून गायलो मी. हाल आला की माणसाचा अंगठा सैल पडतो. त्याचा वळला होता. त्या दिवशी ‘खरा होता ना’ विचारलं ते तू काय सांगतोस ते बघायला.’

‘मग चाचा, थांबला का नाहीत?’

‘तू आणि तुझी भाभी मला विसाव्या मिनिटाला बंद करणार होता. मला काय माहीत नव्हतं? पडद्यातून बोटं तुलाच दिसतात?’ त्यांनी हात उंच करून येन्सची उंची दाखवली. ‘अल्लाने एक लांबलचक माणूस पाठवला. मी म्हटलं, आता हा बसेपर्यंत माझं गाणं कोणाच्या बापाला बंद करता येणार नाही.’

‘आणि गळा?’

‘गळा घरात ठेवून काय लोणचं घालू?’

मी रडलो, त्यांनी रडू दिलं. मग माझ्या गुडघ्यावर थाप मारून त्यांनी आणखी काहीतरी म्हटलं, ते ऐकायला मला कान त्यांच्या तोंडाला लावावा लागला. भाभीला सांगू नको, हे पहिलं. आणि दुसरं, ‘वरचा सा लागणार होता रे, अजून दोन मिनिटं फक्त. नालायका, तू त्याला बसवलंस कशाला?’

हे लिहिण्यापूर्वी मी त्यांना विचारलं. म्हणाले, छाप, तिला मराठी वाचायचा कंटाळा आहे. अजूनही दर रविवारी मी जातो, तेच रेकॉर्डिंग लावतो. शेवटाकडे आलं की चाचा डोळे उघडून माझ्याकडे बघत बसतात. माझं ‘सिट, सिट, सिट’ येतं, आणि ते आवाज नसलेल्या गळ्याने मला शिवी देतात.